बाळंतिणीजवळ बसायला कुठे शिकवतात?

मिडवाइफरीच्या, म्हणजे सुईणीचं काम शिकणाऱ्या, कुठल्याही विद्यार्थिनीला विचारा, तुझ्या किती डिलिव्हऱ्या झाल्या, ती आकडा पटकन सांगेल, कारण केलेल्या कामाची नोंदवही, म्हणजे लॉगबुक, तिला पाठ असतं आणि परीक्षेला बसायचं तर तो आकडा पूर्ण व्हावाच लागतो. पण तिलाच विचारा की बाळंतपणानंतर किती बायकांजवळ तू निवांत बसलीस, बाळाला पाजताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत किती वेळा बघितलंस, की ती अडखळते. मी मिडवाइफरी शिकवते, हा प्रश्न प्रत्येक बॅचला विचारते आणि प्रत्येक वेळी तेच होतं. यात मुलींचा काही दोष नाही हो. आपण शिकवतोच असं की सगळा कोर्स बाळ बाहेर येण्याच्या त्या क्षणाकडे धावत असतो, आणि बाळ रडलं, वार पडली, टाके घालून झाले की शिकवणंही तिथेच आटपतं. पोस्टनेटल, म्हणजे बाळंतपणानंतरच्या, वॉर्डची ड्युटी म्हणजे हलकी ड्युटी, हे सगळ्यांच्याच डोक्यात बसलंय. हुशार, सीनियर मुलगी लेबर रूमला, आणि जी नवीन आहे, घाबरते, ती पोस्टनेटलला.

बाळंतपणानंतरची काळजी हे शिकवायचं काम आहे, लेबर रूमइतक्याच मेहनतीने शिकवायचं, एवढंच मला आज सांगायचंय. ते मुलीच्या मायाळू स्वभावावर सोडून देता येत नाही. मायाळू मुलीलाही ओटीपोटावर हात कुठे ठेवायचा ते कुणीतरी दाखवावंच लागतं ना.

नियम बघायला गेलं तर कागदावर तशी कमी काही नाही. युरोपियन युनियनच्या २००५ च्या डिरेक्टिव्हमध्ये, म्हणजे सदस्य देशांसाठीच्या नियमावलीत, मिडवाइफच्या शिक्षणासाठी जे किमान आकडे दिलेत त्यात विद्यार्थिनीने स्वतः निदान ४० डिलिव्हऱ्या करायच्या आणि निदान १०० बाळंतिणींना आणि त्यांच्या धडधाकट बाळांना तपासायचं, त्यांची देखरेख करायची असं आहे. म्हणजे डिलिव्हरीच्या दुपटीहून जास्त! आकडा उत्तम आहे, पण प्रत्येक डिलिव्हरीमागे ती मुलगी तासन्‌तास त्या बाईजवळ उभी असते, आणि बाळंतीण तपासली अशी एक नोंद मात्र बीपी, नाडी, टेम्परेचर, टाके, अंगावरून जाणं, झालं, इतक्यात होऊ शकते. नोंद दोन्हीकडे एकच धरली जाते. लॉगबुकात तुम्हाला हे कधीच दिसणार नाही की तिने त्या बाईला काय विचारलं आणि बाईने उत्तर दिल्यावर ती थांबली का.

हे असं का झालं त्याचा थोडा इतिहासही आहे. फ्रान्समध्ये आंजेलिक द्यू कुद्रे नावाची एक मिडवाइफ होती, १७५९ साली पंधराव्या लुईने तिला देशभर फिरून खेड्यापाड्यातल्या बायकांना बाळंतपण शिकवायची परवानगी दिली आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं ती फिरत राहिली, हजारो बायकांना शिकवलं. तिच्याजवळ कापडाचं आणि चामड्याचं शिवलेलं एक मॉडेल होतं, बाईच्या कमरेचा भाग, आत गर्भाशय, नाळेसकट बाळ. ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशा बायका त्यावर हाताने सराव करून शिकल्या. त्यातलं एक मॉडेल आजही फ्रान्समधल्या रुआँ शहराच्या म्युझियममध्ये आहे. मला ही बाई फार मोठी वाटते, कारण हाताला शिकवायचं असतं हे तिने इतक्या आधी ओळखलं होतं. आजच्या आपल्या सिम्युलेशन लॅबमधल्या डमीचा उगम शोधायला गेलात तर तिच्यापाशीही पोचाल. फक्त डमीवर जे शिकवता येतं तेच आपण जास्त शिकवत गेलो, आडवं बाळ, अडकलेला खांदा, न पडणारी वार. चौथ्या दिवशी रात्री तीन वाजता रडणारी बाई डमीवर दाखवता येत नाही.

दुसरी गोष्ट व्हिएन्नाची. डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइसचं नाव बहुतेकांनी हात धुण्याच्या संदर्भात ऐकलेलं असतं, पण ती गोष्ट मिडवाइफरीच्या शिक्षणाचीही आहे हे कुणी फारसं सांगत नाही. व्हिएन्नाच्या त्या हॉस्पिटलमध्ये बाळंतपणाचे दोन विभाग होते, एकात मेडिकलचे विद्यार्थी शिकायचे, दुसऱ्यात मिडवाइफ होणाऱ्या मुली. पहिल्या विभागात १८४० च्या दशकात सरासरी साधारण १० टक्के बायका मरायच्या, मुलींच्या विभागात ४ टक्क्यांच्या आसपास. फरक इतका उघड होता की बायका पहिल्या विभागात जायला नको म्हणून गयावया करायच्या. कारण हे की मेडिकलचे विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच हात घेऊन तपासायला यायचे, मिडवाइफरीच्या मुली शवविच्छेदन करत नव्हत्या. १८४७ च्या मे महिन्यात त्याने क्लोरिनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत मृत्यू १-२ टक्क्यांवर आले. आता यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी की त्या बायका बाळंत होताना मरत नव्हत्या. डिलिव्हरी नीट व्हायची आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप चढायचा, पोट दुखायचं आणि बाई जायची. म्हणजे आपल्या विषयातला सगळ्यात मोठा धडा बाळंतपणानंतरच्या दिवसांनीच शिकवलाय.

आणि आजही ते दिवस धोक्याचेच आहेत. आई आणि बाळाचे सगळ्यात जास्त मृत्यू ज्या पहिल्या काही दिवसांत होतात, नेमक्या त्याच दिवसांत जगात दर १० पैकी ३ पेक्षा जास्त बायका-बाळांना पोस्टनेटल केअर मिळतच नाही असं जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२२ मध्ये सांगितलं. त्याच वर्षीच्या त्यांच्या गाइडलाइनप्रमाणे नॉर्मल डिलिव्हरीनंतर निदान २४ तास दवाखान्यात ठेवायचं, आणि मग आणखी तीन वेळा तरी भेटायचं, ४८ ते ७२ तासांच्या मध्ये एकदा, ७ ते १४ दिवसांत एकदा आणि सहाव्या आठवड्यात एकदा, पहिल्या आठवड्यातली भेट जमेल तर घरी जाऊन. मुली हे पाठ करतात. पण ४८ ते ७२ तास हेच का, ते सांगा म्हटलं की वर्गात शांतता पसरते.

मग मी फळ्यावर लिहीत नाही, तोंडानेच सांगते. बाळंतपण झाल्या झाल्या गर्भाशयाचं वजन साधारण एक किलो असतं आणि ते बेंबीच्या आसपास हाताला लागतं, रोज अंदाजे बोटभर खाली सरकतं, दहा-चौदा दिवसांत पोटावरून लागेनासं होतं, आणि सहा आठवड्यांत ६०-७० ग्रॅमवर येतं. शरीरातला दुसरा कुठला अवयव इतक्या थोड्या दिवसांत इतका लहान होतो सांगा मला. या काळात बीपी सगळ्यात जास्त चढतं ते तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान, म्हणजे तोवर बाई घरी गेलेली असते. गरोदरपणात बीपी अगदी नॉर्मल असलेल्या बाईलाही बाळंतपणानंतर प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे बीपी वाढून होणारा धोक्याचा आजार, होऊ शकतो, म्हणून डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, छातीच्या खाली वरच्या पोटात दुखतंय असं ती म्हणाली तर झोप झाली नसेल म्हणून सोडून द्यायचं नाही, बीपी बघायचं, तिथल्या तिथे. दूध उतरतं तेही याच दिवसांत. बाळाचं वजन सगळ्यात कमी होतं तेही तेव्हाच, आणि कावीळ वाढायला लागते ती पण. एका बाईच्या आणि एका बाळाच्या अंगात इतकं सगळं ज्या दोन-तीन दिवसांत चालू असतं त्या दिवसांत तिच्याकडे बघायला कुणीतरी शिकलेलं माणूस हवं, बाकी काही कारण नाही.

रक्तस्रावाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण शिक्षणाने काय फरक पडतो ते इथे फार स्वच्छ दिसतं. डिलिव्हरीनंतर किती रक्त गेलं हे पूर्वापार डोळ्यांनी अंदाजाने ठरवलं जायचं, अजूनही खूप ठिकाणी तसंच चालतं, आणि डोळ्यांचा अंदाज जवळपास नेहमीच कमी येतो, त्यातून चादरीत, कापसात मुरलेलं रक्त तर कुणी मोजतच नाही. केनिया, नायजेरिया, साउथ आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतल्या ८० हॉस्पिटलमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर एक अभ्यास झाला, ई-मोटिव्ह नावाचा, २०२३ मध्ये छापून आला. बाईच्या खाली मापाच्या रेघा असलेली प्लास्टिकची पिशवी लावायची, रक्त त्यात जमतं, रेघेवर वाचायचं, आणि रेघ ओलांडली की गर्भाशय चोळणं, आकुंचनाची औषधं, रक्तस्राव थांबायला मदत करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाइन, तपासणी, सगळं एकदम सुरू करायचं, एकेक करून वाट बघत बसायचं नाही. जिथे हे शिकवलं तिथे १०० पैकी ९३ रक्तस्राव ओळखले गेले, जिथे जुन्या पद्धतीने चाललं तिथे ५१. आणि खूप गंभीर रक्तस्राव, ऑपरेशन किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी झालं. औषधं तीच होती, बायकाही तशाच होत्या. मोजायला शिकवलं आणि मोजल्यावर काय करायचं ते शिकवलं, बस.

पण लेबर रूममधून बाहेर आल्यावर ती पिशवी नसते. तिथे हातच लागतो. बेंबीच्या खाली गर्भाशय घट्ट चेंडूसारखं लागलं पाहिजे, मऊ, पसरट लागलं तर आधी बाईला विचारायचं, लघवी कधी झाली? भरलेली लघवीची पिशवी गर्भाशयाला वर आणि एका बाजूला ढकलते आणि ते आवळत नाही, कितीतरी वेळा बाई लघवीला जाऊन आली की अंगावरून जाणं तिथेच कमी होतं. नवीन मुलगी घाबरून आधी इंजेक्शनकडे धावते. तिला शिकवायचं की आधी हात, मग प्रश्न, आणि हे करताना दुसऱ्या हाताने मदतीची बेल दाबायची. आणि हो, पॅड बदलल्यावर तो टाकून द्यायच्या आधी बघायचा, किती भिजलाय, गाठी आहेत का, वास येतोय का. बाईलाही सांगून ठेवायचं की पहिले काही दिवस लाल, मग गुलाबी-तपकिरी, मग पांढरट असं जाणार आणि ते चार-सहा आठवडे चालू शकतं, पण तासाभरात पॅड गच्च भिजला, मोठ्या गाठी पडल्या, किंवा कमी झालेलं परत एकदम लाल भडक सुरू झालं तर सकाळची वाट बघायची नाही. पोटरी एकाच बाजूची दुखतेय, सुजलीय, दम लागतोय, तेव्हाही नाही. हे कागदावर छापून हातात दिलं की झालं असं समजू नका, बाईच्या तोंडून परत वदवून घ्या, आणि घरी जे तिच्यासोबत राहणार आहे त्यालाही समोर बसवून सांगा, कारण तिला चक्कर आली तर फोन तोच करणार आहे.

आता पाजण्याबद्दल. एकदा एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली, म्हणाली, "मॅडम, सात नंबरच्या ताईंचं फीडिंग व्यवस्थित आहे, मी विचारलं." मी म्हटलं, विचारलंस की बघितलंस? मग आम्ही दोघी गेलो, स्टूल घेऊन बाजूला बसलो. बाळ छातीला होतं, चोखत होतं, लांबून बघितलं तर चित्र छान. पण ताईंचे पायाचे अंगठे आखडलेले होते आणि खांदे कानापर्यंत चढलेले. मी मुलीला म्हटलं, बाळाकडे नको, आधी आईच्या पायांकडे बघ. ताईंना विचारलं दुखतंय का, तर म्हणाल्या, "पहिल्यांदा दुखतंच ना, सगळ्याच म्हणतात." बाळाच्या तोंडात नुसतं स्तनाग्राचं टोक होतं. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून बाळ अलगद सोडवलं, पाठीमागे उशी दिली, बाळाला पोटाशी पोट लावून वळवलं, नाकासमोर स्तनाग्र आणलं आणि बाळाने जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडेपर्यंत थांबलो. त्या थांबण्याचीच सगळ्यात जास्त प्रॅक्टिस लागते, नवीन मुलींचा हात शिवशिवतो, बाळाचं डोकं मागून दाबायला. दाबायचं नाही. बाळाने स्वतःहून मोठा घास घेतला, हनुवटी टेकली, खालचा ओठ बाहेर वळला, आणि आधी भरभर मग संथ, मोठे घोट ऐकू यायला लागले. ताईंचे अंगठे सरळ झाले. विद्यार्थिनी ते बघत होती, आणि मला माहितेय की आता ती कधीही "विचारलं" एवढ्यावर थांबणार नाही.

यात तिला आणखी एक शिकायचं असतं, ते म्हणजे आईच्या अंगाला हात न लावता मदत करणं. आपण पटकन आईचं स्तन आपल्या हातात घेऊन बाळाच्या तोंडात कोंबतो, काम लवकर होतं म्हणून. तेवढ्यापुरतं होतं पण. रात्री ती एकटी असते तेव्हा तिला काही येत नसतं, आणि वर अपमान झाल्यासारखं वाटतं ते वेगळंच. हात तिचेच राहू द्या, आपण बोलून सांगायचं. बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पिणार, पहिल्या दिवशी चिकाचं दूध थोडंच असतं आणि तेवढंच त्याला पुरतं, पाचव्या दिवसाच्या सुमाराला रोज निदान सहा वेळा तरी लघवी झाली पाहिजे, हे आधीच सांगितलं तर दूध पुरत नाही या भीतीने अर्ध्या बायका ज्या रडतात त्या रडणार नाहीत. आणि सगळी योग्य मदत करूनही एखादीला पाजणं जमलं नाही किंवा तिने ठरवलं की नाही पाजायचं, तर बाटलीने कसं पाजायचं हेही तितक्याच आपुलकीने शिकवायचं. तिला अपराधी वाटायला लावून कुठलंच बाळ जास्त सुदृढ होत नाही.

मनाचं शिकवणं सगळ्यात अवघड आहे, म्हणून ते सगळ्यात कमी शिकवलं जातं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं बहुतेक बायकांना होतं, दोन आठवड्यांच्या आत आपसूक कमी होतं, त्याला झोप, आधार आणि कुणीतरी ऐकणारं माणूस एवढंच लागतं. दोन आठवडे उलटले आणि तरी ती उदास आहे, बाळाबद्दल काही वाटत नाही म्हणते, बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नाही, तर ते डिप्रेशन असू शकतं आणि त्याला उपचार लागतात. आणि तिसरा प्रकार क्वचित होतो, हजार बाळंतपणांत एक-दोन, पहिल्या दोन आठवड्यांत एकदम सुरू होतो, बाई रात्र रात्र झोपत नाही, असंबद्ध बोलते, नसलेलं दिसतं-ऐकू येतं, हे सायकोसिस, आणि ही रक्तस्रावाइतकीच इमर्जन्सी आहे. तिला एकटं सोडायचं नाही, बाळाबरोबर तर नाहीच नाही. या तिन्हींना घरात एकच नाव दिलं जातं, थकलीय. मिडवाइफला मात्र तिन्ही वेगळे ओळखता आलेच पाहिजेत.

त्यासाठी एक साधी प्रश्नावली आहे, एडिनबरा पोस्टनेटल डिप्रेशन स्केल, १९८७ साली कॉक्स, होल्डन आणि सागोव्हस्की यांनी केलेली, गेल्या सात दिवसांबद्दलचे दहा प्रश्न, शेवटचा स्वतःला इजा करून घ्यायच्या विचारांबद्दल. साधन चांगलं आहे, पण ते कसं वापरतो त्यावर सगळं अवलंबून. उभं राहून, पेन हातात घेऊन, नातेवाइकांच्या घोळक्यात दहावा प्रश्न विचारला तर जगातली कुठलीही बाई नाही असंच म्हणणार. बाईला एकटीला गाठा. बसा. आणि "काही त्रास नाही ना?" असं विचारूच नका, त्या प्रश्नात उत्तर आधीच घातलेलं आहे. "डिलिव्हरीच्या वेळचं काय आठवतंय तुम्हाला?" असं विचारून बघा एकदा. मग गप्प बसा. ते गप्प बसणं मी रोल-प्लेमध्ये करून घेते, एक मुलगी बाळंतीण होते, एक मिडवाइफ, आणि बाकीच्या बघतात की मिडवाइफ किती वेळात मध्ये बोलते. फारच लवकर बोलतात सगळ्या! सल्ला द्यायची घाई असते, "होईल सगळं ठीक" म्हणायची घाई असते.

नुसतं ऐकून काय होणार असं कुणाला वाटत असेल तर त्याच होल्डन आणि तिच्या सहकाऱ्यांचा १९८९ चा अभ्यास आहे. घरोघरी जाणाऱ्या हेल्थ व्हिजिटरना थोडंसं ट्रेनिंग दिलं, सल्ला न देता ऐकायचं कसं याचं, आणि डिप्रेशन असलेल्या बायकांना त्यांनी आठवड्यातून एकदा अशा आठ भेटी दिल्या. २६ पैकी १८ बायका बऱ्या झाल्या. ज्यांना या भेटी मिळाल्या नाहीत त्या गटात २४ पैकी ९. अभ्यास लहान आहे पण मी तो दर वर्षी शिकवते, कारण त्यात ऐकणं हे ट्रेनिंग देऊन आलेलं आहे, जन्मजात नाही. आणि अमेरिकेत बाळंतपणाचं शिक्षण देणाऱ्या पेनी सिमकिन यांनी पहिल्या बाळंतपणानंतर पंधरा-वीस वर्षांनी बायकांशी बोलून बघितलं होतं, तर त्यांना सगळं लख्ख आठवत होतं, आणि समाधान वाटणं न वाटणं हे बरंचसं डॉक्टर-नर्स त्यांच्याशी कसं वागल्या यावर ठरलेलं होतं. त्या दिवशी तुम्ही सहज बोललेलं वाक्य ती बाई वीस वर्षं जवळ बाळगणार आहे.

एका बाईबद्दल तर कोर्समध्ये जवळजवळ काहीच नसतं, जिचं बाळ गेलंय. तिचंही बाळंतपण झालेलं असतं हो. तिलाही टाके असतात, अंगावरून जात असतं, आणि तिसऱ्या दिवशी तिलाही पान्हा फुटतो, ज्याबद्दल तिला कुणी सांगितलेलंच नसतं आणि छाती भरून दुखायला लागते तेव्हा तिला काय करावं कळत नाही. विद्यार्थिनी तिच्या कॉटकडे जायचं टाळतात, काय बोलायचं सुचत नाही म्हणून. मी त्यांना सांगते, बोलायचं सुचलं नाही तरी जा. बाळाचं नाव ठेवलं असेल तर त्या नावाने बोला. "दुसरं होईल" हे वाक्य तोंडातून काढू नका. बाळाला बघायचंय का, जवळ घ्यायचंय का, हे हळू विचारा आणि ती नाही म्हणाली तर पुन्हा थोड्या वेळाने विचारा, कारण मन बदलू शकतं आणि ती वेळ परत येत नाही. दूध थांबवायचं कसं ते नीट समजावून सांगा. आणि जिथे शक्य आहे तिथे तिला रडणाऱ्या बाळांच्या वॉर्डातून बाहेर, वेगळ्या खोलीत ठेवा, याला पैसे लागत नाहीत, कुणीतरी त्याचा विचार करावा लागतो फक्त.

हे सगळं शिकवायला वेळ लागतो आणि शिकवणारी माणसं लागतात. इंटरनॅशनल कॉन्फेडरेशन ऑफ मिडवाइव्ह्ज या मिडवाइफच्या जागतिक संघटनेच्या निकषांप्रमाणे थेट मिडवाइफरीला आलेल्या मुलीला निदान तीन वर्षं आणि आधी नर्सिंग केलेल्या मुलीला निदान १८ महिने शिक्षण हवं, आणि शिकवणाऱ्या मुख्यतः मिडवाइफच असायला हव्यात. जगात २०२१ च्या हिशोबाने ९ लाख मिडवाइफ कमी होत्या. इतकी तूट असली की विद्यार्थिनी शिकायला आलेली आहे हे सगळे विसरतात आणि ती रिकाम्या जागेवर भरलेला हात होते, आणि गर्दीत सगळ्यात आधी काय कापलं जातं तर बाळंतिणीजवळ बसण्याचा वेळ. मला सगळ्यात पटलेला उपाय म्हणजे विद्यार्थिनीला काही मोजक्या बायका गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत एकाच धाग्याने देणं. ऑस्ट्रेलियात रजिस्टर व्हायचं तर अशा निदान १० बायकांबरोबर राहिलेलं असावं लागतं. जी मुलगी त्या बाईला सातव्या महिन्यापासून ओळखते तिला चौथ्या दिवशी तिच्या चेहऱ्यावरचा फरक फॉर्म न भरताही दिसतो. आणि दुसरं म्हणजे, लेबर रूममध्ये काही वाईट घडलं असेल तर त्याच दिवशी विद्यार्थिनीला बाजूला घेऊन बोला, तिला काय दिसलं, काय वाटलं. जिचं कुणी ऐकलेलं नाही ती दुसऱ्याचं कुठून ऐकणार.

सहाव्या आठवड्याच्या भेटीबद्दल तर खूपच राग येतो मला, कारण तिथे बहुतेक वेळ बाळाचं वजन आणि लसीकरण यातच जातो आणि आईला कुटुंबनियोजनाचं विचारलं की संपलं. दर वर्षी जगात निदान ४ कोटी बायकांना बाळंतपणामुळे दीर्घकाळ टिकणारा काही ना काही त्रास राहतो असं २०२३ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात आलं, शरीरसंबंधाच्या वेळी दुखणं, कंबरदुखी, लघवी किंवा शौचावर ताबा न राहणं, चिंता, डिप्रेशन. यातलं एकही ती आपणहून सांगत नाही, कारण तिला वाटतं बाळ झाल्यावर हे असंच असतं. म्हणून मी मुलींकडून हे प्रश्न शब्दाला शब्द म्हणून घेते, वर्गात, मोठ्याने, लाज जाईपर्यंत. "शिंकलात, खोकलात की लघवी सुटते का? शौचाची घाई आली तर थांबवता येतं का? जवळ येताना दुखतं का, की अजून भीती वाटते म्हणून केलंच नाही? टाक्यांची जागा तुम्ही स्वतः आरशात बघितलीत का?" त्रास आहे असं कळलं तर पेल्विक फ्लोअरचा, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा, व्यायाम नुसता सांगायचा नाही, तिथेच करून घ्यायचा, कुठले स्नायू आवळायचे, किती वेळ धरायचे, श्वास न कोंडता, आणि पोट-मांड्या सैल ठेवून. तीन महिन्यांनीही फरक पडला नाही तर फिजिओथेरपिस्टकडे जायची चिठ्ठी कुणाकडून घ्यायची ते त्याच भेटीत तिच्या कार्डावर लिहून द्यायचं, आणि शौचावर ताबा नसेल तर तीन महिने थांबायचं नाही, चिठ्ठी त्याच दिवशी.